उपाशी पानं

काचघराचा मालक तसा भला माणूस, पण सकाळी कुणाची तरी थट्टा केल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. त्या दिवशी तो कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई, तुमच्या उपाशी पोरांनी बाळसं धरलं की! चोरून दूध पाजताय का काय?"

"पुरे हो," म्हणत थोरलीने हातातलं फडकं पिळलं. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं आणि फडकं हातातच राहिलं. सॅलडची पानं खरोखर सुंदर दिसत होती. बुडाकडच्या एकदोन जुन्या पानांच्या कडा करपलेल्या होत्या, पण त्यांच्या वर आलेली सगळी नवी पानं हिरवीगार, टवटवीत. दुसऱ्या कुठल्याही टेबलावर अशी पानं दिसली असती तर तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. या टेबलावर मात्र ती तशी दिसायला नको होती.

घरातल्या दोन सुनांपैकी ती मोठी, म्हणून थोरली. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातला बराच काळ समुद्रात. इथे काचघरात तिचं काम खतपाण्याचं. भाज्यांची रोपं पांढऱ्या नळ्यांच्या भोकांत बसवलेली, मुळं खाली वाहत्या पाण्यात, मातीचा कण नाही. त्या पाण्यात काय किती विरघळवायचं, ते ती ठरवायची. झाड बोलत नाही, पण त्याच्या पानांवरून ती त्याची भूक ओळखायची. जुनी पानं सगळीच पिवळी पडली तर नायट्रोजन कमी, कोवळी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या तर लोह कमी, जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅशियम कमी. बारा महिने हेच बघून तिची नजर अशी तयार झाली होती की कुणाच्या घरी गेली तरी आधी खिडकीतल्या कुंड्या तपासायची आणि मग माणसांची विचारपूस करायची.

कोपऱ्यातलं टेबल मात्र विकायच्या मालाचं नव्हतं. ते भाऊजींचं होतं.

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. चष्म्याचं छोटं दुकान चालवायचे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांच्या रक्तातल्या पोटॅशियमला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. ठरलेल्या वारी डायलिसिसचं यंत्र ते काढून टाकायचं, मधल्या दिवसांत साठेल ते साठेल. फार साठलं की हातापायांतलं बळ जातं, आणि मग हृदय थांबतं. म्हणून हिरवी पालेभाजी बंद. खायचीच तर बारीक चिरून, उकळून, पाणी ओतून टाकून जो चोथा उरेल तो. एकदा ताटातल्या त्या चोथ्याकडे बघत भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, एकदा कच्चं करकरीत पान खायला मिळू दे, मग मेलो तरी चालेल."

ते हसत म्हणाले होते, पण थोरलीला ते झोंबलं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर शाळेत जायचा. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याच्या तापात रात्री तिनेच जागवल्या होत्या, त्याच्या लग्नात सगळ्यात जास्त तीच रडली होती. स्वतःला मूल झालं नाही, याचं दुःख तिने या एका माणसाच्या जोरावर पचवलं होतं. तिने मालकाकडून कोपरा मागून घेतला, वेगळी टाकी बसवली आणि पोटॅशियम नसलेली पानं पिकवायला शिकली. रोप मोठं होईपर्यंत त्याला पोटभर खाऊ घालायचं. मग कापणीच्या आधीचे काही दिवस पाण्यातलं पोटॅशियम पूर्ण बंद करायचं आणि तग धरण्यापुरतं थोडं सोडियम द्यायचं. रोप मरत नाही. जुनी पानं आपल्याजवळचं पोटॅशियम काढून कोवळ्या पानांना देतात आणि स्वतः कडेने करपत जातात. दिसायला आजारी, खायला निर्धोक, अशी ती पानं. कडा कापून टाकल्या की भाऊजींना वाडगाभर कच्चं सॅलड मिळायचं.

म्हणजे या टेबलावर पानं सुंदर दिसली, की काहीतरी बिघडलं.

तिने टाकीचं झाकण उघडलं. पाणी स्वच्छ, पण तळाशी करडा गाळ बसलेला. शेजारी अ‍ॅसिडचा कॅन होता. पाणी अल्कधर्मी झालं की पंप त्यातून आपोआप थेंब थेंब सोडायचा. हा कॅन महिनाभर सहज पुरायचा. आता तो जवळजवळ रिकामा होता. कुणीतरी या पाण्यात काहीतरी घालत होतं आणि बिचारा पंप ते निस्तरत बसला होता.

तिने एक पान खुडलं, देठ चिरडून रसाचा थेंब पोटॅशियम मोजायच्या छोट्या यंत्रावर टाकला. आकडा बघून तिने यंत्र पुसलं आणि दुसरं पान घेतलं. मग तिसरं. आकडा तसाच, असायला हवा त्याच्या कितीतरी पट.

लोकांना वाटतं, मुळं म्हणजे स्पंज, समोर येईल ते शोषून घेतात. तसं नसतं. मुळांना बारीक बारीक दारं असतात, प्रत्येक क्षाराचं दार निराळं. आणि पोटॅशियमच्या बाबतीत झाड चांगलंच हावरट. मिळतंय तोवर गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतं. त्यातून आधी उपाशी ठेवलेलं झाड तर जास्तीची दारं बांधून, ती सताड उघडी टाकून वाटच बघत असतं. त्याला कुणी खाऊ घातलं तर ते अधाशासारखं ओढून घेणारच. हे थोरलीला पाठ होतं. पूर्वी ती दर कापणीला रस मोजायची. हल्ली मागच्या शेडमध्ये मोठी लागवड चालू होती, म्हणून पानं कापायचं काम तिने जावेवर सोडलं होतं आणि मोजणं राहून जात होतं. आपणच ढिलाई केली, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

तिने भाऊजींना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग जावेला लावला.

धाकटी माहेरच्या बेकरीत काम करायची. फोनमधून, लाकूड जाळायच्या भट्टीपाशी चाललेला पावाच्या पत्र्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"भाऊजींनी आज पानं खाल्ली का गं?"

"खाल्ली की!" धाकटीचा आवाज खुशीत होता. "हल्ली मागून घेतात, ताई. दोन्ही वेळा. आणि देठं फुकट जातात म्हणून मी त्यांचा रस काढून देते. अर्धी वाटीच हं, पाणी जास्त नको म्हणून."

थोरलीने टेबलाची कड धरली. देठांत तर सगळ्यात जास्त.

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"बरी आहे. सकाळी जरा पाय जड झालेत म्हणाले. ओठांना मुंग्या येतायत म्हणाले. उद्या डायलिसिस आहेच, म्हटलं तिथे सांगा. का हो?"

"टाकीत काय घातलंस तू?" थोरली ओरडली.

"मी? कुठे काय," धाकटी म्हणाली.

थोरलीचा आवाज चढला की धाकटीचं तोंड मिटायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरलीला तर त्याची गंमतच वाटत आली होती. आज मात्र तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि जिभेवर आलेलं सगळं गिळून टाकलं.

"हे बघ बाळा, मी रागावणार नाही. अजिबात नाही. फक्त खरं सांग, कारण मला ते डॉक्टरांना सांगायचंय."

"डॉक्टरांना?"

"सांग."

"राख," धाकटी म्हणाली. "भट्टीची. रात्रभर पाण्यात भिजवून वरचं पाणी गाळून घालते. पानांच्या कडा जळत होत्या ताई, मला बघवेना. आमची आई कडा जळल्या की राखच घालायची. आठ-दहा दिवस झाले. पानं कशी झाली बघितलीत ना तुम्ही? म्हटलं, आजारी माणसाला आजारी पानं कशाला खायला घालायची?"

लाकडाच्या राखेत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. धाकटीच्या आईचं काहीही चुकलं नव्हतं. रोगाचं निदान बरोबर आणि औषधही बरोबर.

"भट्टी सोड आणि थेट दवाखान्यात ये," थोरली म्हणाली. "मी त्यांना घेऊन येते."

मालकाने तिचं तोंड पाहिलं आणि पुढचा विनोद तोंडातच ठेवून टेम्पोची किल्ली काढली. त्याने टेम्पो दामटला. रोपांचे रिकामे ट्रे मागे धडधडत होते. थोरलीने डायलिसिसच्या सिस्टरना फोन करून सगळं सांगितलं. "लगेच आणा," त्या म्हणाल्या, "आणि चालवू नका त्यांना." मग थोरली पुन्हा पुन्हा भाऊजींचा नंबर फिरवत राहिली. प्रत्येक वेळी घंटी पूर्ण वाजून थांबायची आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, झालं, संपलं.

दुकानाचं दार उघडंच होतं. डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर भाऊजी स्वतः बसले होते. समोर एक म्हातारे गृहस्थ आरशात बघून चष्म्याच्या फ्रेमा लावून बघत होते. "हे तिथूनच सांगतायत, ही काढा, ती लावा," गृहस्थांनी तक्रार केली. "उठायला तयार नाहीत."

फोन दोन हात अंतरावर, काउंटरवर पडला होता.

"वहिनी?" भाऊजी हसले. ओठ नीट हलत नव्हते. "अहो, पायांनी संप केलाय. हातही त्यांना सामील व्हायच्या बेतात आहेत."

थोरलीने त्यांचं मनगट धरलं. एक ठोका लागला. मग ती वाट बघत राहिली. दुसरा इतक्या उशिरा आला की तेवढ्यात तिने मनातल्या मनात कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल करून टाकलं. "काय झालंय?" भाऊजींनी विचारलं. "काही नाही, जरा दवाखान्यात जाऊन येऊ," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. मालकाने आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मिळून भाऊजींना खुर्चीसकट उचललं. गृहस्थांच्या नाकावर अजून न विकत घेतलेली फ्रेम तशीच होती.

दवाखान्यात सिस्टर दारातच उभ्या होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई न करता भरभर काम करणाऱ्या. छातीवर तारा लावल्या, पट्टीवर रेघा उमटल्या. त्या रेघांची टोकं उंच आणि अणकुचीदार येत होती. डॉक्टरीणबाईंनी त्या बघितल्या आणि रक्ताच्या अहवालाची वाट न बघता कॅल्शियमचं इंजेक्शन मागवलं. "आधी हृदय सांभाळू, पोटॅशियम नंतर काढू," त्या सिस्टरना म्हणाल्या. मग थोरलीकडे वळल्या. "काय खाल्लं, कधीपासून, किती? नेमकं सांगा."

थोरलीने सांगितलं. पानं, दोन्ही वेळा वाडगाभर. देठांचा रस. राखेचं पाणी.

"राख कुणी घातली?"

त्याच वेळी धाकटी आत आली. धावत आली होती, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. पलंगावर नवरा, तारा, तो अणकुचीदार रेघांचा कागद. थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "टाकी माझी आहे. बघायला हवं होतं मी."

"मी घातली," धाकटी म्हणाली. "रोज मी घातली. ताईंना माहीत नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी एकदा मान हलवली आणि दोघींना बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर बाकावर दोघी शेजारी बसल्या. दाराला गोल काच होती. तिच्यातून सिस्टरची पाठ आणि यंत्राचा कोपरा दिसत होता. यंत्राची टिकटिक ऐकू येत होती आणि दोघी तीच ऐकत होत्या. एकदा टिकटिक अडखळली. आत पावलं वाजली, कुणीतरी काहीतरी मागितलं, काच झाकली गेली. धाकटी ताडकन उभी राहिली. थोरलीला देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. नुसतं "नको, नको, नको" एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं. मग टिकटिक पुन्हा सुरू झाली, आधी विस्कळीत, मग जरा सरळ. सिस्टर काचेपासून बाजूला झाल्या.

धाकटी उभीच होती. भिंतीकडे बघून म्हणाली, "ताई, त्या रोपांना उपाशी ठेवायचं असतं, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"टाकीला हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं मी."

"हो. पाच वेळा सांगितलंत. का लावायचा नाही, ते एकदाही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, नेहमीसारखंच. फोडणी तू करू नकोस, हिशेब तू बघू नकोस, त्यांच्या गोळ्या तू काढू नकोस. मला वाटलं, तुम्हाला कळत नाहीये की पानं मरतायत. आणि मी सांगितलं तर तुम्ही हसणार."

थोरलीकडे उत्तर होतं. सांगायला वेळ नव्हता असं नाही. सांगायला फार काही कठीणही नव्हतं. धाकटी भट्टीवरची, तिला काय समजणार, असं ती स्वतःला सांगत आली होती, आणि तेही खरं नव्हतं. खरं एवढंच की भाऊजींचा जीव जपणारी ही एक गोष्ट फक्त आपल्याला येते, हे तिला आवडत होतं. वाडगा पुढे केला की भाऊजी "वा, वहिनी!" म्हणायचे. ते "वा" तिला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

"मला सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "तुला कळलं असतं तर तुलाही जमलं असतं."

धाकटी बाकावर बसली, पण मधे जागा सोडून.

"आता सांगा," ती म्हणाली.

आणि थोरलीने सांगितलं. मुळांच्या दारांपासून सुरुवात केली. कुठलं मूलद्रव्य झाडात एकदा बसलं की हलत नाही, कुठलं जुन्या पानातून नव्यात जातं. करपलेल्या कडा म्हणजे आपलं काम नीट चाललंय याची खूण. रस कसा काढायचा, आकडा किती असला तर पान द्यायचं, किती असला तर फेकायचं. धाकटी मधे मधे अडवून प्रश्न विचारत होती, आणि ते प्रश्न चोख होते. थोरलीला स्वतःची इतकी लाज वाटली की ती हातांकडे बघून बोलत राहिली. तोवर भाऊजींना डायलिसिसच्या खोलीत हलवलं होतं. दुपार सरता सरता सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या आता. पाय हलवायला लागलेत. जीभ तर त्याच्याही आधीपासून."

भाऊजी यंत्राला जोडलेले, चेहरा मेणासारखा, पण डोळे जागे. धाकटीने त्यांचे पाय चाचपून बघितले, एकदा हा, एकदा तो, जणू खरेदी करायचे होते.

"मेलो नाही मी," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पानांनी घात केला. काही कळलं नाही मला. वहिनी, रागावू नका, पण एक सांगू? तुमची आधीची पानं म्हणजे ओला कागद. तुम्ही एवढा जीव ओतून करता म्हणून वा, वा म्हणत गिळायचो. या आठवड्यातली मात्र पानं होती. खरी. लहानपणी खायचो तशी." त्यांनी श्वास घेतला. "ती थोडी थोडी मिळतील ना? आठवड्यातून एकदा?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "ती परत मिळायची नाहीत. ती मी खाऊ घातलेली होती. राख घालून. तुम्हाला मीच आणलंय इथवर." तिचा हात अजून त्यांच्या पायावर होता. "आता कागद तर कागद. मुकाट्याने खायचा. आणि वा म्हणायचं नाही."

सवयीने भाऊजींनी वहिनीकडे पाहिलं. घरात कुठल्याही गोष्टीचा शेवटचा शब्द तिकडूनच यायचा.

"माझ्याकडे काय बघता, भाऊजी?" थोरली म्हणाली. "टाकी आता तिची आहे."

ते ऐकून धाकटी खाली बसली आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडायला लागली. सकाळपासून ती रडलेली नव्हती. यंत्र चालू होतं, भाऊजींना हात हलवायची मनाई होती, म्हणून थोरलीच पुढे झाली आणि तिच्या केसांतलं पीठ झटकू लागली.